मुक्तेचे नाव का बदलता?

वारकऱ्याला कोणी विचारले की बाबा, तुझे साधन कोणते, तर तो एकच शब्द सांगेल: नाम. यज्ञयाग त्याच्या आवाक्यातले नाहीत, हठयोग त्याला झेपत नाही. संध्याकाळी दिवा लागला की घरोघर माउलींचा हरिपाठ सुरू होतो, तोही याच एका साधनाची थोरवी सांगतो. नाम आणि नामी वेगळे नाहीत, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि मान डोलावतो.

मग त्याच घरात लग्न निघते. सून उंबरठ्यावरचे माप ओलांडून आत येते. देवापुढे ताटात तांदूळ पसरले जातात आणि नवरामुलगा सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात तिचे नवे नाव लिहितो. बायाबापे वाकून वाचतात, "छान आहे हो" म्हणतात, पेढे वाटले जातात. वीस-बावीस वर्षे ज्या हाकेला तिने ओ दिली, ती हाक त्या घरात पुन्हा कोणी मारत नाही.

ही रीत वारकऱ्याच्या घराला शोभत नाही, ती बंद व्हावी, एवढेच मला सांगायचे आहे. सगळ्याच घरांत ती आहे असे नाही, शहरांतून ती कमीही होत चालली आहे. पण आपल्या घरांतून ती अजून आहे आणि आपण तिला धर्म समजतो, म्हणून बोलायचे. बोलण्यासाठी मी एकच नाव घेतो. ते आपल्या संप्रदायात सगळ्यांच्या तोंडी आहे. मुक्ता.

बारशाला आत्याने कानात 'मुक्ता' म्हटले आणि कोणी अर्थ विचारला, तर उत्तर ठरलेले: मुक्ता म्हणजे मोती. उत्तर खरेच आहे. संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती. पण मोत्याला मुक्ता का म्हणायचे, हे कोणी विचारत नाही. 'मुच्' म्हणजे सोडणे, सुटणे. त्या धातूपासून मुक्त, मुक्ती, मोक्ष हे सगळे शब्द आले. शिंपल्यातून सुटला म्हणून मोती मुक्ता झाला. म्हणजे या नावाला 'मोती' आणि 'मोकळी' असे दोन वेगळे अर्थ नाहीत. अर्थ एकच आहे, सुटलेली. लेकीला मोती म्हणून डबीत ठेवू पाहणाऱ्याने एवढे ध्यानात धरावे.

मराठीत आपण या शब्दाची आणखी एक गंमत करून ठेवली आहे. कोणी अचाट, मूर्खपणाचे बोलला की 'काय मुक्ताफळे उधळली' असे म्हणतो. आणि ज्या मुलीच्या तोंडून खरोखरची मुक्ताफळे बाहेर पडली, तिचे नाव सुनेला लावून चालत नाही!

ती मुलगी कोण, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांची चार लेकरे: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. कीर्तनकार या चार नावांची माळ फार सुंदर उलगडतात. आधी संसारापासून निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे पायऱ्या, आणि शेवटी मुक्ती. निरूपण गोड आहे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. पण त्या माळेतली एक गोष्ट आपण पुढे नेत नाही. तीन भावांच्या नावांत वाट आहे. मुक्काम आहे तो धाकट्या बहिणीच्या नावात. जिथे पोहोचायचे, त्या जागेचे नाव मुलीला दिले आहे.

तिचे आयुष्य केवढे? इ.स. १२७९च्या सुमारास जन्म आणि १२९७ साली तापीकाठी अंतर्धान. अवघी अठरा वर्षे. त्यातही लहानपण 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवून घेण्यात गेले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली. समाजाने या मुलीला एकच ओळख देऊ केली होती, बापाच्या दोषाची. तिने ती घेतली नाही. मुक्ता हे स्वतःचे नाव एवढे मोठे केले की आज तिचे वडील 'मुक्ताईचे वडील' म्हणूनही ओळखले जातात.

आणि ती कोणाकोणाशी काय बोलली, ते पाहा. लोकांच्या बोलण्याने व्यथित झालेले ज्ञानदेव पर्णकुटीची ताटी लावून आत बसले, तेव्हा दाराशी उभी राहून त्यांना समजावणारी ती होती. ते 'ताटीचे अभंग' आपण आजही गातो. चौदाशे वर्षे वयाचा, असे संतचरित्रे ज्याच्याविषयी सांगतात, तो चांगदेव कोरे पत्र पाठवतो, तेव्हा एवढी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे ती सहज म्हणून जाते. पुढे तोच चांगदेव तिला गुरू करतो. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मडकी तपासायच्या थापटण्याकडे बोट दाखवून, या मडक्यांत कच्चे कोण ते पाहा, असे सुचवणारीही तीच. त्या परीक्षेत नामदेवरायांसारख्या भक्तालाही आपला कच्चेपणा कळला आणि ते विसोबा खेचरांना शरण गेले. अशा मुलीला संप्रदायाने काय म्हणावे? 'मुक्ताई' म्हटले. अठरा वर्षांच्या मुलीला आई म्हटले.

तापीकाठचे एदलाबाद हे गाव आज मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते. तिथून दर आषाढीला मुक्ताईची पालखी निघते. खानदेश, विदर्भ, मराठवाडा ओलांडत महिनाभर चालते आणि वाखरीला भावांच्या पालख्यांना भेटते. तिचे नाव लागले म्हणून आपण एका गावाचे जुने नाव सोडले. मग लेकीचे मुक्ता हे नाव कोणत्या तोंडाने सोडायला लावतो?

या नावाचा इतिहास तेराव्या शतकात संपत नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली एक मुलगी होती, मुक्ता साळवे. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद जर आमचे नाहीत आणि ते पाहण्याचाही आम्हाला अधिकार नाही, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा प्रश्न होता. पैठणला शुद्धिपत्र मागावे लागलेली एक मुक्ता, आणि साडेपाचशे वर्षांनी धर्माच्या दारात उभी राहून प्रश्न करणारी दुसरी मुक्ता. दोघी वयाने लहान, दोघींना जन्मावरून हिणवले गेले, आणि दोघींचे बोलणे आजही त्यांच्याच नावाने उरले आहे. निबंधाखाली दुसरे नाव असते, तर आपण तिला कुठे शोधले असते?

आता आपल्या संतस्त्रियांकडे जरा या नजरेने पाहू. अभंगाच्या शेवटी कर्त्याचे नाव येते, तिला आपण नाममुद्रा म्हणतो. जनाबाई नामदेवरायांच्या घरची दासी. तिने आपल्या मुद्रेत नामदेवांचे नाव मोठ्या मानाने घेतले, स्वतःला त्यांची दासी म्हटले, पण 'जनी' पुसली नाही. दळणकांडण करणाऱ्या, धुणी धुणाऱ्या पोरक्या बाईचे ते दोन अक्षरी नाव मालकाच्या नावाशेजारी ताठ उभे आहे. बहिणाबाईंना तुकोबांची ओढ लागली म्हणून नवऱ्याचा मार खावा लागला. त्यांनी संसारही सांभाळला, पतीची सेवाही केली, आणि अभंग लिहिले ते 'बहिणी' म्हणूनच. मंगळवेढ्याची कान्होपात्रा कान्होपात्रा म्हणूनच विठ्ठलाच्या पायाशी विसावली. या बायकांनी सर्वस्व देवाला वाहिले, आणि देवाने कोणाचेही नाव बदलून घेतले नाही.

देवाचेच म्हणाल तर त्याचा न्याय आणखी उलटा आहे. माउलींच्या कितीतरी अभंगांत विठ्ठलाची ओळख 'रखुमादेवीवरू' अशी येते. रखुमाईचा नवरा! पंढरीचा राणा, चौदा भुवनांचा धनी, आणि त्याची खूण सांगितली आहे ती बायकोच्या नावाने. रुक्मिणी विदर्भाची लेक. कौंडिण्यपूर तिचे माहेर. द्वारकेला गेली तरी रुक्मिणीच राहिली, पंढरीला आली तरी रुक्मिणीच. पंढरपुरात तिचा गाभारा वेगळा आहे, तिच्या दर्शनाची रांग वेगळी आहे, आणि आषाढीला तिच्या माहेराहून तिची पालखी येते. ज्याच्या दारात आपण शेकडो मैल चालत जातो, त्या देवाने बायकोचे नाव तांदळात बदलले नाही. आपण त्याच्याहून मोठे झालो काय?

आता पूर्वपक्ष ऐकू. तो ऐकल्याशिवाय बोलणे एकांगी होईल.

कोणी म्हणेल, ही शास्त्राची रीत आहे. नामकरण हा सोळा संस्कारांतला एक संस्कार आहे. तो बाळपणी होतो आणि एकदाच होतो. विवाह हा वेगळा संस्कार. कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी ही त्याची अंगे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही, जिथे सप्तपदी विधीचा भाग आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला असेच म्हटले आहे. तांदळातले नाव या सगळ्यानंतर, घरी आल्यावरचे. ते लिहिले नाही म्हणून लग्न अपुरे राहात नाही. कायदाही कुठल्या मुलीला नाव बदल असे सांगत नाही.

कोणी म्हणेल, पत्रिकेतली अक्षरे जुळत नव्हती, भटजींनी दुसरे अक्षर काढून दिले. मग गळ्यातल्या माळेचे काय? तुळशीची माळ घातल्यावर भरवसा विठ्ठलाच्या नामावर ठेवायचा की अक्षराच्या शुभाशुभावर? दोन्ही हातांत दोन दोऱ्या धरून वारी होत नाही.

कोणी म्हणेल, सासूचे किंवा जावेचे नाव तेच आहे, घोटाळा होतो. हे कारण मात्र व्यवहाराचे आहे, तर उत्तरही व्यवहाराचेच घ्या. एका दिंडीत दहा तुकाराम आणि पंधरा ज्ञानेश्वर असतात. कोणाचे नाव बदलल्याचे ऐकिवात नाही. थोरला, धाकटा, देहूकडचा, नगरकडचा असे म्हणून भागते. घरात थोरली मुक्ता आणि धाकटी मुक्ता राहिल्या तर काही बिघडत नाही.

कोणी म्हणेल, संन्यास घेतानाही नाव बदलतात, ते कसे चालते? चालते, कारण संन्यासी स्वतःचे श्राद्ध घालून निघतो. त्याचे पूर्वीचे आयुष्य त्याच्यापुरते संपलेले असते, आणि हे त्याने स्वतः ठरवलेले असते. सुनेचे आधीचे आयुष्य संपले असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? तिचे माहेर मेले काय? हे बोलायला आपल्या संप्रदायाची जीभ रेटत नाही, कारण आपण पंढरीलाच माहेर म्हणतो. विठ्ठलाला माउली म्हणतो. आषाढ जवळ आला की मिशा पिकलेले पुरुषही सासुरवाशिणीसारखे माहेराच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. माहेराची एवढी ओढ ज्यांच्या भक्तीच्या मुळाशी आहे, त्यांनीच लेकीबाळींच्या माहेरचे नाव पुसावे, याला काय म्हणावे?

शेवटचा आक्षेप सगळ्यांत मऊ असतो: अहो, तिलाच आवडते, कौतुकाने करतो. तिला आवडत असेल तर तिने खुशाल बदलावे. आपले नाव आपण बदलणे वेगळे आणि दुसऱ्याने बदलून हातात देणे वेगळे. सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींची नावे जाहीर समारंभात बदलली गेली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून कोणी आपल्या लेकराला 'नकोशी' म्हणावे आणि तिने जन्मभर त्या हाकेला ओ द्यावी, हे पाप होते. ते नाव गेले हे उत्तम झाले. काही मुलींनी तर नवी नावे स्वतः निवडली. तिथे नाव बदलल्याने मुलीला मान मिळाला. पण मुक्ता, जनी, सोयरा, निर्मला ही नावे काय नकोशी आहेत? आणि 'तिला आवडते' म्हणणाऱ्यांनी सांगावे, ताट मांडण्याआधी तिला विचारले कोणी होते? गंमत पाहा, त्याच लग्नात तिला उखाणा घ्यायला लावतात. ती लाजत, जुळवत, सगळ्यांसमोर त्याचे नाव घेते. आणि तो घासभर तांदळात तिचे नाव घालवतो.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, रेशन कार्डावर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले. दोन्ही एकच बाई आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात जाहिरात द्या. नवरा असेपर्यंत हे निभते. तो गेला, वारसनोंदीची वेळ आली, किंवा माहेरच्या सातबाऱ्यावरचा हिस्सा मागायची वेळ आली, की प्रश्न येतो: ही मुक्ता म्हणजेच ती कोण? म्हातारपणी बाईला आपण आपणच आहोत हे कागदाने सांगत फिरावे लागते. दिंडीच्या नोंदवहीत नाव घालताना एखादी आजी थबकते आणि विचारते, "माहेरचं सांगू का सासरचं?" हा प्रश्न कुठल्याही आजोबाला कधी पडत नाही.

सरकारने आता एक पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या कागदपत्रांवर बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात ठरला. आईचे नाव वडिलांच्या आधी. 'रखुमादेवीवरू' म्हणणाऱ्यांना यात नवल वाटायला नको होते, हे तर आपण सातशे वर्षांपूर्वीच गायला लागलो होतो. पण त्या रकान्यात आईचे कोणते नाव लिहायचे? तिच्या आईबापांनी ठेवलेले, की अंगठीने लिहिलेले?

म्हणून कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती आहे. चार भावंडांच्या नावांचे निरूपण कराल तेव्हा मुक्तीपाशी थांबू नका. ऐकणाऱ्यांत ज्यांच्या घरी येत्या मोसमात लग्न आहे, त्यांना विचारा की तुमच्या सुनेचे नाव काय आणि ते राहणार ना. तुमच्या एका वाक्याने जे होईल ते आमच्या लेखांनी होणार नाही. फडकऱ्यांना आणि विणेकऱ्यांना विनंती, की नोंदवहीत बाईला तिचे नाव विचारा आणि ती सांगेल तेच लिहा. आणि सासू-सासऱ्यांना सांगणे, की हौस मोडू नका. ताट मांडा, तांदूळ पसरा, सोन्याची अंगठी घ्या. त्यात लिहायचे नाव मात्र ती घेऊन आली तेच लिहा. ती मुक्ता असेल तर मुक्ता लिहा. पेढे तेवढेच गोड लागतील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाक मारल्यावर तिला ती हाक कोणाला आहे, हे आठवावे लागणार नाही.

देवाला आपण त्याच्या नावाने हाक मारतो म्हणून तो येतो, असा आपला विश्वास आहे. घरात आलेल्या लेकीलाही तिच्याच नावाने हाक मारा.

राम कृष्ण हरि.